राखीव यादीतला खेळाडू

गोल्फ म्हणजे निवांत लोकांचा खेळ, असं आपल्याकडे समजतात. व्यावसायिक दौऱ्यावर तसं नसतं. पहिल्या दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. तो हुकला की बक्षिसाचा पैसा नाही. प्रवासाचा, कॅडीचा खर्च मात्र झालेलाच असतो.

आपल्या देशातला हा दौरा, पीजीटीआय, 2006 मध्ये उभा राहिला. पुण्याच्या उदयन मानेने 2019 च्या हंगामाची अखेरची स्पर्धा जिंकली, तीही जमशेदपूरला, म्हणजे आमच्या भिलाईसारख्याच पोलादनगरीत. फेब्रुवारी 2020 मध्ये हैदराबादला तो पुन्हा जिंकला. ऑलिम्पिकसाठी त्याला क्रमवारीचे गुण हवे होते, आणि मार्चमध्ये कोरोनामुळे दौराच थांबला. खेळ ऐन भरात असताना हात बांधले गेले! पुढे स्पर्धा सुरू झाल्या त्या थेट नोव्हेंबरमध्ये.

ऑलिम्पिकही वर्षभर पुढे गेलं आणि क्रमवारीची मुदत जून 2021 पर्यंत वाढली. तरीही मानेचं नाव पहिल्या साठांत आलं नाही, राखीव यादीत राहिलं. मग अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि ती जागा मानेला मिळाली. फौजेत राखीव तुकडीला आम्ही कधी कमी लेखत नाही, ते उगाच नाही. टोकियोत तो 56 वा आला.