वैमानिकांची जुनी वस्त्रे

विमानविद्येच्या इतिहासात यंत्रांची वर्णने विपुल आहेत. त्या यंत्रांत बसलेल्या माणसाला थंडी किती वाजत होती हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले. ती हकिगत कळते त्याच्या कपड्यांवरून. दोन महायुद्धांतील वैमानिकांची जाकिटे, टोप्या, हातमोजे आणि बूट जमविणारा एक संग्राहकवर्ग आज इंग्लंड, अमेरिका, जपान अशा देशांत पसरलेला आहे. लिलावात मोठी रक्कम मोजून एखादे मळके, तेलकट जाकीट घरी नेणाऱ्या या मंडळींकडे पाहून परक्या माणसास हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु यांतील एका प्रसिद्ध पोशाखाचा जन्मच मुळी तेलकटपणातून झाला.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या विमानदलात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. हिवाळ्यात एके दिवशी तो आपल्या विमानाच्या दुरुस्तीत गढलेला असताना अचानक उड्डाणाची वर्दी आली, आणि अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी तो तसाच वर गेला. परतल्यावर बरोबरीचे लोक गारठून गेलेले, तर कॉटन खुशाल! विचार करता त्याच्या ध्यानात आले, की तेल आणि वंगण मुरल्यामुळे त्या कापडातून वारा आत शिरतच नव्हता. त्याने लंडनमध्ये एक अखंड पोशाख शिवून घेतला: आत पातळ फर, मध्ये वाऱ्यास अटकाव करणारे रेशीम आणि बाहेर घट्ट विणीचे हलके कापड. १९१७ च्या सुमारास प्रचारात आलेला हा ‘सिडकॉट’ पुढच्या महायुद्धापर्यंत निरनिराळ्या रूपांत टिकून राहिला.

त्यानंतरचे मोठे नाव लेस्ली आयर्विन यांचे. २८ एप्रिल १९१९ रोजी या अमेरिकन माणसाने ओहायोतील मॅकूक फील्ड येथे विमानातून उडी घेऊन, आपल्या हाताने छत्री उघडून दाखविली. जमिनीवर उतरताना त्यांचा घोटा मोडला, पण छत्रीची परीक्षा पार पडली. १९२६ मध्ये त्यांनी इंग्लंडात लेचवर्थ येथे कारखाना काढला, आणि पुढे लोकर आत व कातडे बाहेर ठेवून शिवलेले मेंढीच्या कातड्याचे त्यांचे जाकीट ब्रिटिश वैमानिकांची ओळखच होऊन बसले. युद्धात मागणी इतकी वाढली, की शिलाईचे काम इतर कारखान्यांकडेही द्यावे लागले. आरंभीची जाकिटे मोठमोठ्या अखंड तुकड्यांची आहेत. कातड्याची काटकसर सुरू झाल्यावर लहान लहान तुकडे जोडण्यात येऊ लागले. पाठीवरच्या शिवणी पाहून जाणकार माणूस जाकिटाचा काळ अजमावतो, तो यामुळेच.

अमेरिकेतील ‘ए-टू’ जाकिटाची गोष्ट याहून निराळी. १९३१ च्या मे महिन्यात मान्यता मिळालेले हे जाकीट बहुतांशी घोड्याच्या कातड्याचे, अंगाबरोबर बसणारे, मनगटाला व कमरेला विणलेली पट्टी असलेले. गळ्याच्या आत कंत्राटदाराचे नाव आणि कंत्राटाचा क्रमांक असलेली चिठ्ठी शिवलेली असे. जुन्या पैठणीचा पारखी जसा आधी पदर उलटून पाहतो, तसा ए-टूचा गिऱ्हाईक प्रथम ही चिठ्ठी पाहतो, मग झिपवरचे नाव, मग शिवणीचा दोरा. कारण या बाजारात खोट्याचा सुळसुळाट फार. खरे जाकीट आणि त्यावर कालपरवा काढलेले चित्र, ही तर नित्याची लबाडी. अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली नवा दोरा पुष्कळदा उजळून दिसतो आणि विक्रेत्याचा चेहरा उतरतो.

चित्रांचा हा विषय जरा थांबून पाहण्याजोगा आहे. बॉम्बफेकी विमानांतील अमेरिकन तरुण आपल्या जाकिटाच्या पाठीवर विमानाचे नाव रंगवून घेत आणि प्रत्येक मोहिमेमागे एक लहानसा बॉम्ब काढीत. इंग्लंडातून जर्मनीवर जाणाऱ्यांना आरंभी २५ मोहिमा पुऱ्या केल्यावर सुटका मिळे. पुढे तो आकडा ३० आणि ३५ झाला. पंचविसावा बॉम्ब रंगविताना त्या पोराला काय वाटले असेल, हे आपण समजू शकतो. पण त्यातला एकेक बॉम्ब कोणत्या ना कोणत्या गावावर पडलेलाही होता. बाजारात मात्र बॉम्ब जितके अधिक तितकी किंमत चढती, एवढाच हिशेब चालतो. ९ मार्च १९४५ च्या रात्री ज्या टोकियोत अमेरिकन विमानांनी आगीचा वर्षाव केला, त्याच टोकियोतील एक कंपनी १९९३ पासून अमेरिकन वैमानिकांच्या जाकिटांच्या हुबेहूब प्रतिकृती करीत आली आहे. त्यांतील झिपसुद्धा जुन्या नमुन्याबरहुकूम घडविलेल्या असतात.

या साऱ्या व्यवहारात हिंदुस्थानचाही एक धागा आहे. १९४२ ते १९४५ या काळात आसामातील तळांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून चीनला रसद पोहोचविणाऱ्या अमेरिकन वैमानिकांनी आपली सैन्यचिन्हे येथील कारागिरांकडून करवून घेतली. वर तारा व सूर्य, खाली तांबडेपांढरे पट्टे अशी ती ढाल कोणी चामड्याचे तुकडे जोडून केली, कोणी जरीने भरली. अमेरिकेतील कारखान्यांत निघालेल्या एकसारख्या चिन्हांपेक्षा संग्राहक आज ही हातची, थोडी वाकडीतिकडी चिन्हे अधिक मोलाची मानतात. ती करणाऱ्यांची नावे कुठल्याच चिठ्ठीवर नाहीत.

संग्रहात काय उरते आणि काय उरत नाही, याचा उत्तम दाखला १९४३ च्या ब्रिटिश बुटांचा. शत्रूच्या मुलुखात उतरलेल्या वैमानिकाला वेषांतर करता यावे म्हणून हे बूट मुद्दाम तयार केले होते. आत लपविलेल्या लहानशा सुरीने वरचा भाग कापून टाकला, की खाली साधा काळा जोडा राही. अर्थात आज कपाटांत दिसणारे अखंड जोड कापण्याची पाळी कधी आलीच नाही, असे आहेत. ज्यांनी आपले काम बजावले ते फ्रान्स-बेल्जियमच्या रस्त्यांवर झिजून गेले. रेशमावर छापलेल्या पलायनाच्या नकाशांचे तर युद्धानंतर, कापडाच्या टंचाईत, बायकांचे पोलके झाले. शिल्लक मालात विकलेली जाकिटे मोटारसायकलवाल्यांनी वापरून फाडली.

काही वस्त्रांना तर कंत्राट नव्हते, क्रमांक नव्हता. पहिल्या महायुद्धात हरदित सिंग मलिक यांनी पगडीवर बसेल अशी मोठी टोपी मुद्दाम करवून घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात लढणारे महिंदर सिंग पुज्जी यांनी पगडी उतरविण्यास नकार देऊन कानातील यंत्रासाठी निराळा पट्टा बनवून घेतला. डोव्हरजवळ त्यांचे विमान कोसळले, तेव्हा पगडीच्या घड्यांनी डोके वाचविले, असे ते २०१० मध्ये निधन होईपर्यंत सांगत असत. ती पगडी रक्ताने भिजली होती. उड्डाणाला निघताना आणखी एक पगडी ते जवळ बाळगीत.