पेपरात न आलेली भिलाई

भिलाईत आमच्या घरी दोन पेपर येत. एक रायपूरचा हिंदी, दुसरा नागपूरचा मराठी. मराठी पेपर गाडीनं यायचा, त्यामुळे हातात पडेपर्यंत दुपार व्हायची. बाबा कारखान्यात कोक ओव्हनला होते. सकाळची ड्युटी करून आले की हातपाय धुऊन आधी तोच उघडायचे. पुण्यात कुठल्या नाटकाला गर्दी झाली हे आम्हाला लगेच कळायचं. पॉवर हाऊस स्टेशनच्या पलीकडच्या वस्त्यांत, छावणीत नि खुर्सीपारात काय चाललंय, हे मात्र दोन्ही पेपरांतून कधी धड कळलं नाही. ते कळायचं रऊत बबांकडून.

बबा दूध घालायला येत. आजीला ‘दाई’, म्हणजे आई, म्हणत. माप रिकामं केल्यावर लगेच उठायचं नाही, हा त्यांचा नेम. ते छत्तीसगढीत बोलत, आजी वऱ्हाडीत उत्तर देई आणि दोघांचं काही अडत नसे. त्यांचा थोरला मुलगा एका खासगी कारखान्यात ठेकेदाराकडं होता. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. हात भाजला तर त्या दिवशी तो कामावर नव्हताच, असं वही सांगणार. “पेपर मां नइ आवय, दाई,” बबा म्हणत. पेपरात येत नाही, यात त्यांना नवल वाटत नसे, राग तर त्याहून नाही.

रशियाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या बाबांच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. आमच्यासारख्यांना त्यानं क्वार्टर दिलं, शाळा दिली, सेक्टर 9 चा दवाखाना दिला. म्हणजे परमनंट असलेल्यांना दिलं. या भट्ट्यांचं खनिज नव्वदेक किलोमीटरवरच्या दल्ली-राजहऱ्याहून येई आणि ते फोडणारे हजारो हात ठेक्यावरचे होते. 1977 च्या जूनमध्ये तिथं पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला, अकरा जण गेले. अनुसूयाबाई नावाची एक कामगार स्त्री त्यांत होती. बाबांच्या आठवणीत ‘अकरा’ हा आकडा आहे. बबांच्या आठवणीत अनुसूयाबाई आहे.

हा फरक मला फार उशिरा उमगला. आकडा सरकारी पत्रकातून येतो. नाव यायला दुसरी वाट लागते आणि ती वाट कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या माणसांनी काढली. नियोगी जलपाईगुडीकडचे. एकेकाळी याच कारखान्यात कोक ओव्हनला होते, पुढं नोकरी गेली. बाबा त्यांना ‘नियोगीजी’ म्हणत, पण जरा खालच्या आवाजात. दल्लीच्या खाण कामगारांनी लाल-हिरवा झेंडा घेतला, दारूविरुद्ध मोहीम काढली, 1983 मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल सुरू केलं. हे बरंच लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते त्यांच्या बातमीबद्दल. नियोगींच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचं ‘मितान’ नावाचं पत्र निघे. लिहायला भिंती तर होत्याच. ‘नवा अंजोर’ हे त्यांचं कलापथक होतं. फागूराम यादव नावाचा खाण कामगार गाणी रची. हॉस्पिटलचे डॉक्टर आजारांवर सोप्या हिंदीत पुस्तिका काढत. वाचता न येणाऱ्यासाठी गाणं, गाणं न पोचणाऱ्या ठिकाणी भिंत, आणि रात्री चौकात ‘नाचा’, म्हणजे इकडचं लोकनाट्य. बबांनी दल्ली कधी पाहिलं नव्हतं. अनुसूयाबाई त्यांच्या गावात पोचली ती अशाच एका रात्री.

सोनाखानचे वीर नारायण सिंहही त्यांच्याकडं तसेच आले. दुष्काळात साठेबाजाचं धान्य भुकेल्यांना वाटणारा हा जमीनदार. इंग्रजांनी त्याला डिसेंबर 1857 मध्ये रायपुरात फाशी दिली. नंतर शंभर-सव्वाशे वर्षं फारसं कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. मोर्चाच्या लोकांनी त्याची कथा उकरून काढली, दर डिसेंबरला त्याचा दिवस पाळायला सुरुवात केली.

बाबांना हे सगळं एकतर्फी वाटे. “त्यांच्या पत्रकात मालकाची बाजू कुठंय?” असं ते विचारत. तक्रार खोटी नव्हती. पण मालकाच्या बाजूला कागद, छापखाना, जाहिरात सगळं होतं. मजुराच्या बाजूला चुन्याची भिंत. दोघांना एकाच तराजूत घालणं मला कधी पटलं नाही.

गंमत अशी की हेच बाबा फिलिपिन्सच्या बाबतीत उलट बोलत. रात्री बीबीसीची हिंदी सेवा लावायचा त्यांना नाद होता. हुकूमशहा मार्कोसनं 1972 मध्ये लष्करी कायदा लावून तिथले पेपर बंद केले. पुढं होझे बुर्गोससारखे संपादक ‘वुई फोरम’सारखी छोटी पत्रं काढू लागले. त्यांना ‘मच्छर पत्रं’ म्हणत. 1982 च्या डिसेंबरात ‘वुई फोरम’वर धाड पडली, बुर्गोस नि त्यांचे सहकारी आत गेले. फेब्रुवारी 1986 मध्ये रेडिओ व्हेरितासवरून हाक गेली आणि मनिलाच्या रस्त्यावर लाखो माणसं उतरली. रेडिओचं यंत्र मोडलं, तर मंडळी दुसऱ्या स्टेशनात शिरून बोलत राहिली. बाबा हे रंगवून रंगवून सांगत. आजीनं एकदा विचारलंच, “अन् आपल्या पावर हाऊसचं काय?” बाबांनी रेडिओचा काटा फिरवला.

भिलाईतल्या ठेका कामगारांचं आंदोलन 1990 ला पेटलं. मागणी काय, तर कायम करा, कायद्यात लिहिलेली मजुरी द्या आणि युनियन मान्य करा. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, झोपेत असताना, हुडको वसाहतीतल्या घरात नियोगींना खिडकीतून गोळी घातली. आपल्या जिवाला धोका आहे आणि तो कुणाकडून, हे ते आधीच एका छोट्या कॅसेटवर बोलून गेले होते. मोठमोठ्या वर्तमानपत्रांच्या काळात एका नेत्याला आपली शेवटची बातमी स्वतःच टेप करून ठेवावी लागली. दुर्गच्या कोर्टानं काही उद्योजकांनाही शिक्षा दिली, हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकट्या पल्टन मल्लाहला, गोळी झाडणाऱ्याला, जन्मठेप दिली. उद्योजक सुटले ते सुटलेच.

1 जुलै 1992 ला कामगार पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात पंधराहून अधिक कामगार मेले. त्या संध्याकाळी सेक्टरातल्या गल्ल्यांत दारं लवकर लागली. बबा दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. मुलगा वाचला होता. मेलेल्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती, कोण कुठल्या गावचा हेसुद्धा. दूध मोजता मोजता ती त्यांनी आजीला सांगितली आणि आजीनं माप हातात धरून सगळी ऐकली.

आजी पेंड्र्याकडं लहानाची मोठी झालेली. तिच्याकडं याहून जुनी गोष्ट होती. माधवराव सप्रे या मराठी माणसानं 1900 मध्ये तिथूनच ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. रामराव चिंचोळकर, वामन बळीराम लाखे हे त्यांचे साथीदार. तीनेक वर्षांत ते बंद पडलं. 1901 मध्ये त्यात सप्र्यांचीच एक गोष्ट आली. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती तिथली टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली त्याला उचलता येत नाही. आजीला ही गोष्ट तिच्या वडिलांनी सांगितलेली. ठेकेदाराचं नाव निघालं की ती हमखास सांगायची. इकडच्या मराठी घरांना सप्र्यांचा भारी अभिमान, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारा माणूस म्हणून. टोपलीवालं मासिक मात्र आम्ही सोयीनं विसरतो.

पुढं साधनं बदलली. 2010 मध्ये शुभ्रांशु चौधरी या पत्रकारानं ‘सीजीनेट स्वरा’ ही फोनवरची बातमीसेवा सुरू केली. मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, एक दाबलं की आपलं म्हणणं सांगायचं, दोन दाबलं की इतरांचं ऐकायचं. गोंडीतही चालतं. रेशन मिळालं नाही, मजुरी अडली असा निरोप असेल, तर शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा नंबर सांगतात, म्हणजे ऐकणारे त्याला फोन लावत बसतात. पण धोका काही बदलला नाही. भिलाईतच राहणारे माहितीपटकार अजय टी. जी. यांना मे 2008 मध्ये छत्तीसगढच्या जनसुरक्षा कायद्याखाली अटक झाली. तीन महिन्यांत आरोपपत्रच आलं नाही, म्हणून ते जामिनावर सुटले. बस्तरमधल्या बीजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर ‘बस्तर जंक्शन’ हे यूट्यूब चॅनल चालवत. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांच्या बातमीतून बाहेर आला होता. जानेवारी 2025 मध्ये त्यांचं प्रेत एका सेप्टिक टाकीत सापडलं.

बबांच्या वीर नारायण सिंहाचं नाव आज रायपूरच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमला आहे. ते नाव ज्या मजुरांनी गावोगाव नेलं, त्यांचे साथी दर 1 जुलैला पॉवर हाऊसला जमतात आणि आपल्या मेलेल्यांना स्वतःच आठवतात. दुसऱ्या दिवशीचा पेपर मी अजूनही उघडतो. बातमी असलीच तर आतल्या पानावर, एका कॉलमात, आकडा टाकून असते.