कॉल मोफत, आकार मात्र छुपे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-परळी मार्गावरील वडवणी तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे रवाना होतात. अनेक घरांत मागे उरतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले. पुढील काही महिने फडावरची कोपी आणि गावातले घर यांना जोडून ठेवतो तो मोबाइल. एकेकाळी यासाठी एसटीडी बूथवर रांग लावावी लागे आणि यंत्रावर पळणाऱ्या आकड्यांकडे पाहत बोलणे आवरते घ्यावे लागे. आज इंटरनेटवरून होणारा कॉल ‘मोफत’ म्हणवला जातो. बूथवरचा आकडा निदान डोळ्यांसमोर होता. आता तो दिसेनासा झाला आहे आणि ग्राहकांच्या नाराजीचे मूळही तेथेच आहे. कॉलची किंमत संपलेली नाही, तिने केवळ जागा बदलली आहे.

इंटरनेट कॉलचे तीन प्रकार

इंटरनेट दूरध्वनीत आवाजाचे छोट्या डिजिटल तुकड्यांत रूपांतर होते आणि हे तुकडे इंटरनेटच्या मार्गाने पाठविले जातात. सामान्य ग्राहकाचा संबंध त्याच्या तीन प्रकारांशी येतो. पहिला, अ‍ॅपवरून अ‍ॅपवर होणारा कॉल. दुसरा, अ‍ॅप किंवा संगणकावरून थेट दूरध्वनी क्रमांकावर केलेला कॉल. तिसरा, फोर-जी जाळ्यावरील ‘व्होल्टे’ अथवा घरातील वाय-फायवरून जाणारा ‘व्हो-वाय-फाय’ कॉल. तिसऱ्या प्रकारात तंत्र इंटरनेटचेच असले तरी आकारणी नेहमीच्या कॉलप्रमाणे होते आणि प्लॅनमधील डेटा खर्च होत नाही. अ‍ॅपवरील कॉलला मात्र मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी डेटा लागतो. व्हिडिओ कॉलला तो कितीतरी पटीने अधिक लागतो.

येथेच पहिला छुपा खर्च आहे. भारतात मे २००३ पासून ‘बोलावणाऱ्याने पैसे द्यावेत’ ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग कॉल मोफत झाले. अ‍ॅपवरील कॉलमध्ये हा नियम उलटतो, कारण बोलावणारा आणि ऐकणारा अशा दोघांचाही डेटा खर्च होतो. फडावरून आलेला ‘मोफत’ कॉल घरच्या आजीच्या पॅकमधूनही कापला जात असतो.

परवानगीचा लांबलेला प्रवास

भारतात इंटरनेट दूरध्वनीला मर्यादित परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ रोजी. आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सेवेतील विदेश संचार निगमची मक्तेदारी त्याच सुमारास संपुष्टात आली होती. संगणकावरून संगणकावर आणि भारतातील संगणकावरून परदेशातील दूरध्वनीवर बोलण्याची मुभा मिळाली. परंतु संगणकावरून देशातीलच दूरध्वनीवर कॉल करण्यास मनाई राहिली. परिणामी सायबर कॅफेतून अमेरिकेतील मुलाच्या घरी स्वस्तात फोन करता येई, पण पुण्यातील बहिणीला करता येत नसे. पुढे ‘स्काइप’ने भारतातून देशांतर्गत मोबाइल व लँडलाइनवर कॉल करण्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून बंद केली. ही सेवा मे २०२५ मध्ये जगभरातच बंद झाली.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट दूरध्वनीबाबत शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये परवान्यांच्या अटी सुधारण्यात आल्या. त्याच वर्षी भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही सेवा वार्षिक १,०९९ रुपये शुल्क अधिक जीएसटी अशा दराने जाहीर केली. सेवेच्या किमतीखेरीज कर वेगळा, आणि घरच्या इंटरनेटचा खर्च त्याहून वेगळा, हे गणित तेथेही ग्राहकालाच मांडावे लागत होते.

पैसे कोठे कापले जातात?

रिचार्जच्या व्यवहारात रक्कम घटण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांतील प्रमुख अशा:

टॉप-अपमधील कपात : दहा रुपयांच्या टॉप-अपवर ७ रुपये ४७ पैशांचा टॉकटाइम मिळतो, हे अनेकांच्या परिचयाचे आहे. दहा रुपयांतून १८ टक्के दराचा जीएसटी वजा केला की ८ रुपये ४७ पैसे उरतात आणि त्यातून एक रुपया प्रक्रिया शुल्क जाते. ही कपात नियमानुसार असते, पण ती समजावून सांगणारा क्वचितच भेटतो.

अठ्ठावीस दिवसांचा महिना : २८ दिवसांच्या प्लॅनमुळे वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. ‘ट्राय’ने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक प्लॅन ठेवण्याचे बंधन घातले. हे प्लॅन उपलब्ध असतात, मात्र ते मागून घ्यावे लागतात.

नको असलेला डेटा : साधा मोबाइल वापरणाऱ्या ग्राहकालाही डेटासहितचा प्लॅन घ्यावा लागणे, ही ग्रामीण भागातील जुनी तक्रार होती. ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएससाठी स्वतंत्र व्हाउचर देणे बंधनकारक केले. अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यासही मुभा दिली.

अ‍ॅपचे सुविधा शुल्क : २०२१ पासून काही पेमेंट अ‍ॅपनी मोबाइल रिचार्जवर एक-दोन रुपयांचे शुल्क घेण्यास सुरुवात केली. ही रक्कम दूरसंचार कंपनीची नसते. त्यामुळे दूरसंचार कंपनीकडे तिची तक्रार करून उपयोग होत नाही.

मूल्यवर्धित सेवा : कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट अशा सेवांचे पैसे न कळत कापले गेल्याच्या तक्रारी प्रदीर्घ काळ येत राहिल्या. अशी सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याचा आदेश ‘ट्राय’ने जुलै २०१३ मध्ये दिला. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक आहे. मोबाइलवरील डेटा सेवा सुरू अथवा बंद करण्यासाठी १९२५ हा क्रमांक आहे.

ग्राहक बोलले तेव्हा

इंटरनेट कॉलवर वेगळा आकार लावण्याचा उघड प्रयत्न झाला तो डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेलने अशा कॉलसाठी स्वतंत्र दर जाहीर केले. त्यावर देशभर टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. त्यानंतर ‘ट्राय’ने मार्च २०१५ मध्ये मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियमावली काढण्यात आली. इंटरनेटवर काय पाहिले वा वापरले यानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास तिने मनाई केली. अ‍ॅपवरील कॉलसाठी वापरलेला डेटा आणि बातम्या वाचण्यासाठी वापरलेला डेटा यांचा दर आज वेगळा लावता येत नाही, तो या लढ्यामुळे.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०१९ मधील. ‘कॉल कायमचे मोफत’ असे सांगत २०१६ मध्ये बाजारात आलेल्या जिओने अन्य कंपन्यांच्या क्रमांकांवरील कॉलसाठी मिनिटाला सहा पैसे आकारण्यास सुरुवात केली. दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर कॉल पोहोचविण्यासाठी द्यावा लागणारा तो आकार होता. १ जानेवारी २०२१ पासून हा आंतरजोडणी आकारच शून्य झाला आणि वेगळी आकारणीही थांबली. मोफत या शब्दामागे कोणाचा तरी खर्च उभा असतो, हे मात्र त्या सव्वा वर्षात सर्वांना उमगले.

परदेशातही तीच गत

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. तेथे इंटरनेट दूरध्वनीच्या बिलात जाहिरातीतील मासिक दराखाली सार्वत्रिक सेवा निधी, आपत्कालीन सेवा आणि नियामक शुल्क अशा अनेक ओळी येतात. ‘व्होनेज’ या इंटरनेट दूरध्वनी कंपनीने सेवा बंद करणे जाणीवपूर्वक अवघड केले आणि न सांगितलेली शुल्के लावली, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ठेवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने तडजोडीत १० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ८९ हजार ग्राहकांना परतावा पाठविण्यात आला. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शेवटच्या टप्प्यावर किंमत वाढविणे, न मागितलेली वस्तू बिलात घुसविणे आणि वर्गणीतून बाहेर पडण्याची वाट अडविणे यांचा त्यात समावेश आहे.

तक्रार कोठे करावी?

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार केंद्राची. त्यासाठी १९८ हा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार नोंदविल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील सारी कार्यवाही त्यावरच चालते. उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब ५० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या शुल्कात मागण्याचा हक्क आहे. पैसे कापले गेल्याचा पुरावा या हिशेबातूनच हाती येतो.

त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि शेवटी ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते का, हा प्रश्न २००९ च्या एका निकालामुळे दीर्घकाळ वादात होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाविरुद्धच्या प्रकरणात तो ग्राहकांच्या बाजूने निकाली काढला. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला आपण राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. त्यामुळे वडवणीच्या रहिवाशाला कंपनीच्या मुख्यालयाचे शहर गाठावे लागत नाही, बीडला जाणे पुरते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

एका रिचार्जमागे कापले जाणारे दोन-तीन रुपये किरकोळ वाटतात आणि त्यासाठी कोणी भांडत बसत नाही. छुपे आकार याच भरवशावर टिकून असतात. उसाच्या फडावर टनामागे मोजून मजुरी घेणाऱ्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही. हिशेब त्याच्यासमोर ठेवला जावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.