अभिलेखांचे निंदणीकरण
कार्यालयीन कागदपत्रांचे वर्गीकरण करून ती किती काळ जपावयाची हे ठरविणे आणि मुदत संपलेली कागदपत्रे नष्ट करणे, अशी प्रक्रिया. शेतातील तण काढण्याच्या निंदणीवरून ही संज्ञा रूढ झाली.

ब्रिटिश अमदानीत 1879 व 1917 च्या अधिनियमांनी अभिलेख नष्ट करण्यास वैधानिक आधार दिला. मुदती ठरविताना विधिज्ञ मुख्यतः दोन कसोट्या लावतात : दावा किती काळपर्यंत दाखल होऊ शकतो आणि कागद पुराव्यासाठी केव्हापर्यंत लागेल. 1963 च्या मुदत अधिनियमानुसार स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्यास 12 वर्षांची, तर शासनाच्या दाव्यास सामान्यतः 30 वर्षांची मुदत असते. महाराष्ट्रात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम, ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून कमी काळ व ‘ड’ वर्गाचे एक वर्ष ठेवतात.

1980 नंतरच्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी साचलेले दप्तर या वर्गवारीनुसार लावून घेतले. त्यांच्या सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे व नष्ट करावयाचे, असे कागदांचे गठ्ठे लिपिकाच्या मेजापाशीच वेगळे होत. ही पद्धती पुढे राज्यात इतरत्रही स्वीकारली गेली.

नष्ट झालेला कागद मात्र परत मिळत नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या व मोडी दप्तरे पुन्हा मोलाची ठरली. दाव्याची मुदत संपली, तरी कागदाचे प्रयोजन संपतेच असे नाही.