तळटीप : गुणतक्ता आणि संघाची ताकद

* ‘गटात तिसरा, म्हणजे ताकदीनेही तिसरा’ हे लेखकाचे गृहीत तपासून घ्यायला हवे. रणजी क्रिकेट स्पर्धेत हल्ली निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. डावाने किंवा १० गड्यांनी जिंकल्यास ७. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. समोर मुंबईसारखा मातब्बर संघ होता की एखादा नवखा, याची दखल हा तक्ता घेत नाही.

ही उणीव भरून काढणारी पद्धत अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवली. २०१८पासून फिफाही पुरुष फुटबॉल संघांची क्रमवारी त्याच तत्त्वावर लावते. समजा, एका संघाचे मानांकन १६०० आणि दुसऱ्याचे १४०० आहे. या फरकावरून पहिल्याकडून साधारण ०.७६ गुणाची अपेक्षा निघते (विजय १, बरोबरी ०.५). बदलाचा गुणक (प्रत्यक्ष आणि अपेक्षित गुणांतल्या फरकाला ज्याने गुणायचे तो आकडा) २० धरला, तर जिंकल्यावर त्याला जेमतेम ५ अंक मिळतात, हरल्यावर १५ जातात आणि सामना अनिर्णित राहिला तरी ५ जातात. दुबळ्यांना हरवून फुगवलेली कामगिरी इथे लगेच उघडी पडते, आणि म्हणूनच ही पद्धत मला गुणतक्त्यापेक्षा न्याय्य वाटते.

मात्र रणजीच्या एलिट गटात अलीकडे संघाला साखळीत ७च सामने मिळतात, त्यातलेही बरेच अनिर्णित. एवढ्याशा आधारावरचे मानांकन डळमळीतच राहणार. पुढील प्रकरणातल्या क्रमवाऱ्या वाचताना वाचकांनी किमान तीन-चार हंगाम एकत्र पाहावेत, ही विनंती. — संपादक