रिओच्या दलदलीतले वर्षायू मासे

रिओ दि जानेरो शहराच्या उत्तरेला ग्वानाबारा उपसागर आणि सेर्रा दुस ऑर्गाओस ही डोंगररांग यांच्यामध्ये सखल जमिनीचा पट्टा आहे. त्याला बायशादा फ्लुमिनेन्से म्हणतात. डोंगरावरून उतरलेल्या नद्यांना इथे उतारच सापडत नाही. पाणी रेंगाळते, पसरते आणि पावसात जंगलातल्या झाडांच्या मुळांशी उथळ डबकी साचतात. कोरड्या दिवसांत ती आटतात. किलीफिश गटातल्या इवल्याशा, भडक रंगांच्या माशांच्या काही जाती याच डबक्यांत राहत आल्या.

पाणी आटले की मोठे मासे मरतात, पण त्याआधी त्यांनी चिखलात अंडी पुरलेली असतात. पुढच्या पावसात पिल्ले बाहेर येतात, काही आठवड्यांत वयात येतात आणि पुन्हा अंडी घालतात. अंड्यातल्या गर्भाची वाढ मधूनमधून थांबते. अशा थांब्याच्या तीन अवस्था जॉन वुर्म्स यांनी 1972 मध्ये तपशिलाने मांडल्या: पहिली गर्भाने आकार धरण्याआधी, दुसरी वाढीच्या मध्यावर, तिसरी पिल्लू पूर्ण तयार झाल्यावर. सर्व अंडी एकाच वेळी पुढे सरकत नाहीत. अवेळी आलेल्या सरीने काही पिल्ले बाहेर पडून मेली, तरी उरलेली अंडी चिखलात टिकून राहतात. कोरड्या जमिनीवर पाऊस पडताच मासे दिसतात, म्हणून ब्राझीलमध्ये ते ढगांतून पडतात असा समज होता आणि ‘ढगांतले मासे’ हे त्यांचे नाव आजही चालते.

या पट्ट्याचा माणसांशी संबंध मात्र ऊस आणि सोन्याचा. वसाहतकाळात नद्यांकाठी उसाचे मळे होते. मिनास प्रांतातले सोने खेचरांच्या तांड्यांवरून डोंगर उतरून एस्त्रेला नदीवरच्या बंदरात येई आणि तिथून नावांनी उपसागर ओलांडून रिओला जाई. मळेवाले आपापल्या हद्दीतले नदीपात्र गुलामांकडून साफ करून घेत, त्यामुळे पाणी वाहते राही. 30 एप्रिल 1854 रोजी उद्योजक मौआ यांनी बांधलेली ब्राझीलमधली पहिली रेल्वे याच पट्ट्यातून धावली. पुढे लोहमार्ग वाढले आणि नदीवरची बंदरे ओस पडली. 1888 मध्ये गुलामगिरी संपली, मळे मोडले, पात्रे गाळाने भरली. दलदल पसरली आणि तिच्यासोबत हिवतापही. माशांच्या दृष्टीने हा काळ वाईट नसावा. माणसांच्या दृष्टीने तो भीषण होता, आणि पुढच्या घडामोडींचा न्याय करताना हे विसरून चालत नाही.

1933 मध्ये ब्राझीलच्या व्हार्गास सरकारने या पट्ट्याच्या स्वच्छतेसाठी आयोग नेमला. त्याचे प्रमुख अभियंता हिल्देब्रांदो दी आराउजो गोएस होते. 1940 मध्ये या कामासाठी राष्ट्रीय खातेच उभे राहिले. नद्या सरळ केल्या, कालवे खणले, बांध घातले. उद्देश दुहेरी होता: हिवताप हटवायचा आणि तेव्हा राजधानी असलेल्या रिओसाठी शेतजमीन मिळवायची. हिवताप हटला. शेतीचे स्वप्न मात्र फार टिकले नाही. कोरड्या झालेल्या जमिनीचे भूखंड पडले, कारखाने आले, वस्ती दाटली. दुकी दि काशियास हे गाव 1943 मध्ये स्वतंत्र नगरपालिका झाले आणि 1961 मध्ये तिथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला.

विज्ञानाने या माशांकडे पाहिले ते नेमके याच वर्षांत. 1934 मध्ये जर्मन संशोधक वर्नर लाडिगेस यांनी मार्मोराटस जातीचे वर्णन केले. 1942 मध्ये स्टॅनफर्डचे जॉर्ज मायर्स यांनी एकाच लेखात स्प्लेंडेन्स, ओपालेसेन्स आणि मिनिमस या रिओ परिसरातल्या जातींना नावे दिली. त्याच लेखातली व्हाइटाय ही जात रिओच्या पूर्वेकडील किनारी पाणथळींतली. तिला रिओतल्या अमेरिकन वकिलातीतले लष्करी प्रतिनिधी टॉमस व्हाइट यांचे नाव मिळाले. मत्स्यशास्त्राचा हा हौशी अभ्यासक पुढे 1957 ते 1961 या काळात अमेरिकन हवाई दलाचा प्रमुख होता. मायर्स 1942 ते 1944 रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहुणे प्राध्यापक होते. 1952 मध्ये त्यांनी अशा माशांना ‘वर्षायू मासे’ म्हटले आणि ती संज्ञा रूढ झाली. याच संग्रहालयातल्या अंतेनोर लेइताओ दी कार्व्हाल्यो यांनी 1957 मध्ये त्यांच्या जीवनक्रमाविषयी टिपणे प्रसिद्ध केली. म्हणजे एकीकडे नावे दिली जात होती आणि दुसरीकडे चर खणले जात होते.

व्हाइटाय जात हौशी लोकांच्या काचपेट्यांतून परदेशी पोचली, कारण वर्षायू माशांची अंडी ओलसर पीटमध्ये घालून पाकिटातून टपालाने पाठवता येतात. पण काचपेटीतल्या माशांनी मूळच्या डबक्यातली उणीव भरून निघत नाही.

वार्षिक कोरड सोसण्याची या माशांची ताकद कायमच्या कोरडीपुढे निकामी ठरते. एक चर डबक्याचे पाणी कायमचे ओढून घेतो, आणि काही जातींचा सारा विस्तार मोजक्या डबक्यांपुरताच असतो. शिवाय एखाद्या बांधकामापूर्वीची पाहणी कोरड्या महिन्यांत झाली, तर तिथे पाणी नाही आणि मासाही नाही असाच अहवाल येतो. कागदोपत्री ते खरेच असते. रिओच्या केंद्रीय विद्यापीठातले विल्सन कोस्ता यांनी अनेक वर्षे या माशांचे वर्गीकरण आणि शोध केला. स्प्लेंडेन्स, ओपालेसेन्स यांच्यासाठी त्यांनी 2016 मध्ये लेप्टोपँचॅक्स ही वेगळी प्रजाती (जीनस) सुचवली. ब्राझीलच्या 2014 च्या संकटग्रस्त माशांच्या यादीत या माशांच्या कुलातल्या शंभराहून अधिक जाती होत्या. कायद्याने मासा वाचवला तरी त्याचे डबके वाचत नाही, ही या यादीची उघड मर्यादा आहे.

2019 मध्ये कोस्ता यांनी लेप्टोपँचॅक्स सँग्विनियस या नव्या जातीचे वर्णन केले. तिच्या वर्णनाच्या लेखातच ती कदाचित नामशेष झाली असल्याचे नोंदवावे लागले.