शरणागती आणि पारख

सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, की आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या यात्रेत हलगी तापली, झांज घुमू लागली, की गर्दीत कुणाच्या तरी अंगात येतं. माणसं हात जोडून पुढं होतात, प्रश्न विचारतात, मिळेल तो शब्द पदरात बांधून घरी नेतात. त्याच गर्दीत मागं उभी असलेली एखादी म्हातारी शेजारणीच्या कानात हळूच विचारते, "हे खरं असंल का गं?" तिची श्रद्धा काही कमी नसते. तरीही ती विचारते. आपल्याला आज त्या म्हातारीच्या प्रश्नाचाच विचार करायचा आहे. पण जरा वेगळ्या अंगानं. हाच प्रश्न ख्रिस्ती धर्माला त्याच्या आरंभापासून पडलेला आहे, आणि त्याचं एक फार मोलाचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच एका मराठी बाईनं दिलेलं आहे.

देवाच्या नावानं बोलणाऱ्या माणसाला मराठी बायबलात 'संदेष्टा' म्हणतात. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. भविष्य सांगणं हा त्याच्या कामाचा लहानसा भाग. देवाला काय आवडतं नि काय खपत नाही हे लोकांच्या तोंडावर सांगणं, हे त्याचं मुख्य काम. आता असे दोन संदेष्टे एकमेकांविरुद्ध बोलू लागले, तर लोकांनी कुणाचं ऐकावं?

यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात असा प्रसंग आहे. ख्रिस्तापूर्वी सुमारे सहाशे वर्षांमागची गोष्ट. बाबेलच्या राजानं यरुशलेम जिंकलं होतं. यिर्मया मानेवर बैलाचं लाकडी जू घेऊन लोकांत हिंडत होता आणि सांगत होता, की हे पारतंत्र्य इतक्यात संपणार नाही. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा पुढं आला. त्यानं जाहीर केलं, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना गोड वाटणारं तेच होतं. यिर्मयानं त्याला शिवी दिली नाही. तुझं खरं ठरो, देव तसंच करो, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, की शांतीचं भाकीत करणाऱ्याची परीक्षा त्याचं बोलणं खरं ठरण्यात असते. त्यावर हनन्यानं यिर्मयाच्या मानेवरचं जू काढलं, मोडलं, आणि यिर्मया निघून गेला. पुढं देवाचा शब्द आपल्यापाशी आला अशी खात्री झाली, तेव्हाच परत येऊन त्यानं हनन्याला खोटा म्हटलं. यिर्मयाला आपल्या बोलण्यापायी मार खावा लागला, चिखलाच्या आडात उतरावं लागलं. स्वतःच्या लाभासाठी तो बोलत नव्हता, हे त्यावरून कळतं. पण मला मोठं वाटतं ते त्याचं पहिलं वाक्य. समोरचा खरा ठरावा अशी इच्छा मनात ठेवून त्याची परीक्षा घेणं, याला मी प्रेमाची पारख म्हणतो.

आता केडगावला येऊ. कुर्डुवाडीहून पुण्याच्या गाडीत बसलं, की दौंड मागं टाकल्यावर हे स्टेशन लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं लेकीला. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत रमाबाई 1878 साली कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढं विवाह, अल्पावधीत वैधव्य, मग इंग्लंड, आणि 1883 साली तिथं बाप्तिस्मा.

पण धर्म घेतला म्हणून बुद्धी गहाण टाकावी, असं त्यांना वाटलं नाही. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून मोठा वाद घातला. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, ती संस्कृत का नसावीत, असंही त्यांनी विचारलं. देवापुढं वाकायचं, पण देवाच्या नावानं कुणी माणूस वाकवू लागला तर ताठ उभं राहायचं, हा त्यांचा बाणा.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली, विधवा आणल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला सांगितलं. आरंभी सत्तरेक जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. 29 जूनच्या पहाटे एक मुलगी अंगात आग पेटल्यासारखं वाटून जागी झाली. मिनी एब्रम्स या रमाबाईंच्या सहकारी बाईंनी लिहून ठेवलं आहे, की शेजारच्या बाईला ती खरंच पेटलेली दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली! दुसऱ्या दिवशी रमाबाई बायबलातला उतारा समजावत असताना मुली मोठमोठ्यानं रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या. पुढच्या काळात काही जणी अपरिचित भाषांत प्रार्थना करू लागल्या, काही देवाचा संदेश सांगू लागल्या.

बाहेरच्यांना हे रुचलं नाही. हा गोंगाट आहे, हा उन्माद आहे, हे तर नेहमीचंच अंगात येणं, असं काही पाद्रीही म्हणाले. रमाबाईंपुढं दोन सोपे रस्ते होते. एक, घंटा वाजवून सगळं बंद पाडायचं. दुसरा, जे जे होईल ते देवाचंच म्हणून डोक्यावर घ्यायचं. त्यांनी दोन्ही सोडले. आपल्या लोकांची रडण्याची, आनंद करण्याची रीत वेगळी आहे. ती विलायती शिस्तीत बसत नाही म्हणून खोटी ठरत नाही, हे त्यांनी ओळखलं. स्वतः त्या अपरिचित भाषेत बोलल्या नाहीत. तरी बोलणाऱ्या मुलींना त्यांनी अडवलं नाही. उलट 1907 साली त्यांनी लिहिलं, की पवित्र आत्मा आल्याची खरी आवश्यक खूण प्रेम हीच. मात्र बरं करणं, भाषा, संदेश ही दानंही टाकून देण्याजोगी नाहीत.

हे नवं मत नव्हतं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानं दानांची चर्चा दोन अध्यायांत केली आणि त्यांच्या मधोमध प्रेमाचा अध्याय ठेवला. दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा, असा नियमही त्यानं घालून दिला. पौलाचा हाच नियम रमाबाईंनी दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या आश्रमात चालवून दाखवला.

चालवला कसा, ते पाहा. त्या अग्नीनंतर जात्यावरचं दळण थांबलं नाही, शाळा, माग, छापखाना थांबला नाही. मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. ज्या मुलींना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्या उभ्या राहून बोलू लागल्या. एब्रम्सबाईंची पुस्तिका 1907 साली दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या एका पाद्र्याच्या पत्नीच्या हाती पडली, आणि 1909 साली तिथं उठलेल्या मोठ्या धार्मिक चळवळीला तिची ठिणगी लागली. आणि रमाबाई? त्यांनी पुढची वर्षं हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलाचं भाषांतर करण्यात घालवली. 1921 साली एकुलती लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. शरणागती डोळ्यांतल्या पाण्यावर मोजायची, की अशा वर्षानुवर्षांच्या कामावर, हे आपण ठरवावं.

सोनं कसाला लावणं म्हणजे सोन्याचा अपमान नव्हे. भीती वाटते ती पितळाला. शिक्षकमित्रांनी मुलांना हे जरूर सांगावं. देवाचा शब्द आणला असं कुणी म्हणालं, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर त्याची टिंगल करू नका. त्या देहात कधी कधी कुणी न ऐकलेलं दुःख बोलत असतं. पण विचारायला लाजूही नका. या बोलण्यानं कुणाचा खिसा भरतो? कुणावर भीती बसते? एखाद्या गरीब बाईवर चेटकिणीचा आळ तर येत नाही? अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून लोकांना भिवविणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. पारख आधी करायची असते. आणि ती करताना यिर्मयासारखं मनात असावं, की हा माणूस खरा ठरला तर मला आनंदच होईल. तसा प्रश्न विचारणारी ती मागं उभी असलेली म्हातारी श्रद्धाळूच आहे. तिला गप्प बसवू नका. तिला पुढं येऊ द्या.